सुप्रभाच्या गाडीचं दार

सुप्रभा मोघे गाडी चालवायला शिकली ती जपानमध्ये, आणि तीही नाइलाजाने. सांगलीत तिच्याकडे स्कूटर होती, पुण्यात पीएच.डी. करताना तीच स्कूटर, आणि क्योतोला पोस्टडॉक म्हणून आली तेव्हा सायकल. क्योतोत बस आणि सायकलवर माणसाचं सगळं निभावतं. पण पुढे ओबिहिरोला नोकरी लागली. उत्तर जपानमधल्या होक्काइदोच्या त्या सपाट, बटाट्याच्या मुलखात पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की इथे गाडीवाचून दूधसुद्धा घरी येत नाही.

शिवाय तिचं काम शेतातलं. तिथले शेतकरी हिवाळ्यात शेतावरचा बर्फ मुद्दाम बाजूला सारतात. बर्फाचं पांघरूण निघालं की खालची जमीन खोलवर गोठते आणि मागच्या हंगामात मातीत राहून गेलेले बटाटे मरतात. नाहीतर तेच पुढच्या पिकात तणासारखे माजतात. जमीन किती खोल गोठते आणि पुन्हा वितळताना तिच्यातून काय काय वायू निघतात, हे सुप्रभा मोजत असे. ती जिथे नोकरीला होती त्या संशोधन संस्थेपासून तिचं शेत लांब, आणि घरापासून आणखी लांब. म्हणून तिने एक जुनी, पांढरी, डबीएवढी गाडी घेतली.

उन्हाळ्यात गाडीने कधी कुरकुर केली नाही. हिवाळ्यात मात्र रोज सकाळी तिचं आणि सुप्रभाचं भांडण ठरलेलं. पारा उणे पंधरा-वीसपर्यंत उतरला की दाराभोवतीचं रबर चौकटीला असं चिकटे, जसं कुणी आतून शिवून टाकलंय. रिमोटमधला सेल थंडीने बसे. मग किल्ली घालावी, तर किल्लीच्या भोकात बर्फाचा खडा. पहिल्या हिवाळ्यात तिने हे सगळं रडत रडत केलं. मग हळूहळू युक्त्या जमल्या. किल्लीच्या भोकात मारायचा स्प्रे ती गाडीत न ठेवता पर्समध्ये ठेवू लागली, कारण गाडीत ठेवलेला स्प्रे गोठलेल्या दाराच्या पलीकडे असतो. आदल्या संध्याकाळी रबर कोरडं पुसायचं, त्याला सिलिकॉन फासायचं. आणि सकाळी दार ओढायचं नाही, आधी कमरेने आत ढकलायचं. ढकललं की चौकटीतला बर्फ कडकन मोडतो, मग हळूच ओढायचं.

युक्त्या जमल्या म्हणून चीड गेली नाही. आपलं शिक्षण, आपलं वय, आणि आपण रोज सकाळी एका दाराला कमरेने धक्के मारतोय, हे तिला दरवेळी नव्याने खुपायचं.

नवरा, यतीन, टोकियोत होता. तोयोसुच्या एका टॉवरमध्ये त्याचं ऑफिस आणि शेजारच्या टॉवरमध्ये त्याची भाड्याची खोली. महिन्यातून एकदा तो विमानाने यायचा. फोनवर तिने दाराचं रडगाणं लावलं की तो म्हणे, "मग इकडे ये ना. मी इथे वर्षभरात गाडीत बसलेलोसुद्धा नाही."

"आणि तिकडे काय करू? टॉवरमधली जमीन मोजू?"

हे बोलणं इतक्यांदा झालं होतं, की आता दोघंही ते हवापाण्याच्या गप्पांसारखं बोलायचे.

त्या वर्षी नोव्हेंबरात यतीनचे वडील आले. नीलकंठराव पुण्याला टेलिफोन खात्यात इंजिनियर होते. पावसापाण्यात खांबावर माणसं चढवून लाइनी चालू केलेल्या. पत्नी जाऊन दोन वर्षं झाली होती, फ्लॅटमध्ये एकटेच असायचे. सुप्रभाच्या मुलीला, अपूर्वाला, शाळेनंतर ज्या केंद्रात ठेवत तिथून संध्याकाळी घरी आणायला घरातलं कुणी असलं तर बरं होईल, असं सुप्रभानेच सुचवलं होतं. नीलकंठरावांनी लगेच तिकीट काढलं.

संध्याकाळी नातीला आणण्याचं काम त्यांनी चोख केलं. पण बाकीचा दिवस त्यांच्या अंगावर यायचा. टीव्ही जपानी, शेजारी जपानी, आणि आठ वर्षांची नातसुद्धा निम्मं जपानीच बोलायची. ते मराठीत विचारायचे, ती जपानीत उत्तर द्यायची, आणि मग दोघं बोटांनी दाखवून समजून घ्यायची. नीलकंठरावांनी पहिल्या पंधरवड्यात घरातला गळका नळ दुरुस्त केला, डुगडुगणारी खुर्ची सरळ केली, कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. मग घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. तेव्हा त्यांचं लक्ष गाडीकडे गेलं.

"किटलीभर गरम पाणी ओतलं, तर एका मिनिटात सुटेल की," एकदा सुप्रभा दाराला धक्के मारत असताना ते बाल्कनीतून म्हणाले.

"नाही चालत बाबा. ते पाणी परत गोठतं."

"अगं, गोठायच्या आत आपण दार उघडणार ना."

"नाही बाबा, नको."

तिने हे हसत सांगितलं. तिच्या घरी मोठ्यांना 'नको' हसतच सांगायची रीत होती. नीलकंठरावांना वाटलं, सूनबाई आपल्याला त्रास नको म्हणून नको म्हणतेय.

जानेवारीत संस्थेच्या त्सुकुबाच्या मुख्य कचेरीतून काही ज्येष्ठ शास्त्रज्ञ तिचं शेत बघायला येणार होते. सुप्रभाचं कंत्राट मार्चमध्ये संपत होतं आणि पुढचा निधी याच लोकांच्या हातात होता. तिने महिनाभर तयारी केली. जपानीत काय बोलायचं ते पाठ केलं, अवघड शब्द अपूर्वाकडून म्हणवून घेतले. अपूर्वा तिचे उच्चार ऐकून हसायची आणि सुधारायची. आदल्या संध्याकाळी सुप्रभाने दाराची रबरं पुसली, सिलिकॉन फासलं, वायपर उभे करून ठेवले. अशी सगळी नीट तयारी.

सकाळी ती बाहेर आली तर गाडी चकचकीत दिसत होती. काचेवर दंव नव्हतं, टपावर बर्फ नव्हता. गाडीशेजारी नीलकंठराव यतीनचं जुनं जाड जाकीट घालून उभे होते. त्यांच्या हातात बादली होती, आणि तोंडावर अगदी लग्नकार्य पार पाडल्यासारखं समाधान.

"आज तुझी महत्त्वाची माणसं येणार ना," ते म्हणाले. "म्हटलं, आज तरी तुला धक्के मारायला लागू नयेत. चांगलं दोन-तीन बादल्या कढत पाणी घातलं चारी बाजूंनी. सगळं सुटलं होतं. मग तुला हाक मारायला आत गेलो, तर तू आंघोळीला गेलेली."

सुप्रभाने गाडीला हात लावला. ती चमक ओल्या पत्र्याची नव्हती, बर्फाची होती. पाणी दाराच्या फटीत, मुठीच्या मागे, किल्लीच्या भोकात शिरलं होतं आणि ती आंघोळ करून, इस्त्रीचा सूट चढवून बाहेर येईपर्यंत काचेसारखं घट्ट झालं होतं. तिने पर्समधला स्प्रे काढून भोकात मारला. किल्ली अर्धी गेली आणि अडकली. कमरेने धक्का मारला. दार हललं नाही. पुन्हा मारला. मागची दारं पाहिली, डिकी पाहिली. सगळीकडे तेच.

"मी आणखी एक बादली आणू का?" नीलकंठरावांनी विचारलं.

"नको," ती म्हणाली. यावेळी हसली नाही.

आपण दार ओढायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. पण स्प्रेने कुलूप थोडं सैल झालंसं वाटलं, घड्याळ पुढे पळत होतं, आणि तिने दाराची मूठ दोन्ही हातांनी धरून सगळ्या ताकदीने खेचली. थंडीने कडक झालेलं प्लास्टिक कट् करून तुटलं. मूठ तिच्या हातात आली आणि ती दोन पावलं मागे, बर्फाच्या ढिगात जाऊन बसली.

नीलकंठराव तिला उठवायला धावले. तिने त्यांचा हात घेतला नाही.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण दातांतून येत होता. "नको म्हटलं होतं ना मी? एवढं एक साधं 'नको' कळत नाही का तुम्हाला? सगळ्या गोष्टीत हात घालायलाच पाहिजे का?"

दप्तर पाठीला लावून अपूर्वा दारात उभी होती. ती आईकडे आणि आजोबांकडे बघत राहिली. मग जपानीत एवढंच म्हणाली, "मी जाते," आणि चालत शाळेला निघून गेली.

नीलकंठरावांनी बादली उचलली आणि ते आत गेले.

टॅक्सी मिळेना. रात्री बर्फ पडल्यामुळे सगळ्या गाड्या अडकल्या होत्या, फोनवरची बाई पुन्हा पुन्हा क्षमा मागत होती, आणि त्या क्षमेने सुप्रभाचं डोकं आणखी तापत होतं. शेवटी तिने घरातला हेअर ड्रायर काढला, बाल्कनीतून वायर सोडली आणि ड्रायव्हरच्या पलीकडच्या दारावर तो धरून उभी राहिली. समोरून जाणाऱ्या शेजारणीने, ओनिशी-सानने, विचारलं, "गरम पाणी घातलंत का?" सुप्रभाने मान हलवली. ती हो होती की नाही, ते तिलाही सांगता आलं नसतं. ओनिशी-सान "थंडी आहे ना," म्हणून पुढे गेल्या.

पलीकडचं दार सुटलं. सुप्रभा सूटसकट त्या बाजूने आत शिरली, गिअरवरून पाय टाकून ड्रायव्हरच्या सीटवर पोचली. लोकरी मोजा कुठेतरी अडकून फाटला. तशीच ती निघाली.

शेतावर पोचली तेव्हा पाहुण्यांची गाडी परत वळत होती. तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असलेल्या सहकाऱ्याने, होशिनो-सानने, त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. तिचेच आकडे, तिचीच चित्रं. त्याने वाईट हेतूने केलं नव्हतं. कुणीतरी बोलायला हवं होतं आणि तो तिथे होता. विभागप्रमुख शांतपणे म्हणाले, "रस्ता खराब होता का?"

"गाडीचं दार गोठलं होतं," सुप्रभा म्हणाली.

म्हणताच तिला कळलं, की इथे हे कारण चालत नाही. इथे सगळ्यांचीच दारं गोठतात, आणि सगळेच वेळेवर येतात. विभागप्रमुख तिला सांभाळून घेत म्हणाले, "हो, पहिली एक-दोन वर्षं होतं असं." तिचा हा पाचवा हिवाळा होता. सासऱ्यांनी पाणी ओतलं, हे सांगण्याचा शब्द तिला जपानीत येत होता, पण सांगवेना. ती वाकून क्षमा मागत राहिली. पाहुण्यांनी काचेआडून मान झुकवून निरोप घेतला.

संध्याकाळी घरी आली तर टेबलावर खिचडी झाकून ठेवलेली. नीलकंठराव आपल्या खोलीत होते. अपूर्वाचा गृहपाठ झाला होता. सुप्रभा जेवली नाही. थोड्या वेळाने यतीनचा फोन आला.

"बाबांना काय बोललीस तू?"

"त्यांनी सांगितलं?"

"त्यांनी नाही. अपूने. अगं, मदत करायला गेले होते ते."

"मदतच नडली. यतीन, माझं वर्षभराचं काम दुसऱ्याने वाचून दाखवलं आज. आणि तू मला म्हणतोस काय बोललीस? तू ये इथे. रोज सकाळी तू उघड ते दार."

"मी कुठे म्हणतोय की तू..."

तिने फोन ठेवला. मग तिला वाटलं, भिंतीपलीकडे सगळं ऐकू गेलं असणार. जाऊन काहीतरी बोलावं असंही वाटलं. पण राग अजून शिल्लक होता, आणि राग शिल्लक असताना मागितलेली माफी कशी वाजते, हे तिला माहीत होतं. ती उठली नाही.

त्यानंतर घरात सगळं नीट चाललं आणि काहीच नीट नव्हतं. नीलकंठराव अपूर्वाला आणायचे, भाजी चिरायचे, "येतेस?" "आलीस?" एवढंच बोलायचे. गाडीकडे त्यांनी बघायचंही सोडलं. सकाळी सुप्रभा बाहेर पडली की बाल्कनीचा पडदा सरकलेला असायचा, पण मागे कुणी दिसायचं नाही.

गाडीला मूठ मिळेना. मॉडेल जुनं, सुटा भाग दुसऱ्या गावाहून यायचा होता. तोवर ड्रायव्हरचं दार बाहेरून उघडत नव्हतं. सुप्रभा रोज डाव्या दाराने शिरून, गिअर ओलांडून, जाडजूड बूट सावरत उजवीकडे जायची. संस्थेच्या पार्किंगमध्ये लोक नजर वळवायचे. कुणी हसत नसे, आणि ते तिला जास्त लागायचं.

अखेर एका शनिवारी गॅरेजवाल्याचा फोन आला, मूठ आलीय, घेऊन या. सुप्रभाने डावं दार कमरेने ढकलून उघडलं, आत शिरली आणि मागे ओढून लावलं. दार लागलं नाही. परत उघडं पडलं. कडीच्या आत गेलेलं पाणी कुठेतरी साचून राहिलं असावं. कडीची जीभ आत दबली होती ती बाहेर येतच नव्हती. तिने दार आपटलं. पुन्हा आपटलं. आधी न उघडणारं दार, आता न लागणारं. तिने इतक्यांदा आपटलं की छपराच्या कडेचा बर्फ घसरून बॉनेटवर पडला.

थोड्या वेळाने नीलकंठराव बाहेर आले. गाडीपासून चांगले चार हात लांब उभे राहिले. हात जाकिटाच्या खिशात.

"लागत नाही का?"

"नाही."

"गॅरेज किती लांब आहे?"

"जवळ आहे. पण उघड्या दाराने कसं जाणार?"

"मी धरून बसू?"

सुप्रभाला नाही म्हणायचं होतं. दुसरा उपाय सुचेना. अपूर्वा मैत्रिणीकडे गेली होती, ओनिशी-सानची गाडी जागेवर नव्हती, आणि ड्रायर पुन्हा बाहेर काढायची तिची तयारी नव्हती. "बसा," ती म्हणाली.

नीलकंठराव बसले, पट्टा बांधला आणि दाराचं आतलं हँडल दोन्ही हातांनी पोटाशी ओढून धरलं. गाडी निघाली. दार उघडं असल्याची घंटी टिंग टिंग वाजत राहिली. फटीतून येणारा वारा सुरीसारखा होता. सुप्रभा आतल्या रस्त्यांनी, सायकलच्या वेगाने चालवत होती.

"डावीकडून घे, तिथे चढ कमी आहे," नीलकंठराव म्हणाले.

"बाबा, मला रस्ता माहीत आहे."

"बरं."

घंटी वाजत होती. एका सिग्नलला थांबल्यावर तिने त्यांच्याकडे पाहिलं. हातमोजे न घालताच आले होते. बोटं लाल झाली होती. तिने आपले हातमोजे काढून त्यांच्या मांडीवर ठेवले. पण हात सोडल्याशिवाय ते घालणार कसे, आणि हात सोडला तर दार सुटणार. हातमोजे तसेच मांडीवर राहिले.

"दिवसभर कंटाळा येतो का तुम्हाला?" तिने विचारलं.

"येतो," ते म्हणाले. इतक्या महिन्यांत त्यांनी हे पहिल्यांदाच कबूल केलं. "मी यतीनला म्हटलंय, तिकीट जरा अलीकडचं मिळतं का बघ. तुलाही अडचण नको."

हे तिला ठाऊक नव्हतं. यतीनने सांगितलं नव्हतं. तिचा पारा पुन्हा चढला, आणि ज्याच्यावर चढायचा तो तोयोसुत बसला होता, म्हणून तो शेजारच्यावर चढला.

"असं कसं अलीकडचं? मला विचारलंत का? संध्याकाळी अपूला कोण आणणार? मार्चपर्यंत माझे रिपोर्ट आहेत, मला साडेसहाच्या आत निघता येत नाही. तुम्ही गेलात तर मी काय करू?"

सिग्नल सुटला. पुढच्या वळणावर तिने पाहिलं, नीलकंठराव समोर बघत होते आणि दार आधीपेक्षा जोरात ओढून धरलं होतं.

"व्हिसा संपेपर्यंत आहे मी मग," थोड्या वेळाने ते म्हणाले. "पुढचं यतीनला सुट्टी घ्यायला सांग. त्यालाही कळू दे थंडी."

गॅरेजमध्ये मालकाने दोन्ही दारं तपासली, कडीत गरम हवा सोडली, कापडाने टिपली, ग्रीस भरलं. मग सुप्रभाकडे वळून त्याने विचारलं, "गरम पाणी घातलं होतं का कुणी?"

"मी घातलं," ती म्हणाली.

त्याने तिला लहान पोरीला समजवावं तसं समजावलं. पाणी कुठे जातं, कसं साचतं, कधीच घालायचं नसतं. काच तडकायची राहिली हे नशीब. ती मान डोलवत उभी राहिली. चाळिशी जवळ आलेली, जमीन गोठण्यावर पेपर लिहिणारी बाई, आणि तिला पाणी गोठतं हे ऐकून घ्यावं लागत होतं. संताप आला, पण ती मान डोलवत राहिली.

"काय म्हणतोय?" नीलकंठरावांनी विचारलं. ते आता हातमोजे घालून हीटरपाशी उभे होते.

"काही नाही. थंडी फार आहे म्हणतोय."

"एवढंच सांगायला बराच वेळ लागला त्याला," नीलकंठराव म्हणाले.

मूठ बसली. पांढऱ्या गाडीला करड्या रंगाची, कारण पांढरी मिळालीच नाही.

व्हिसा संपल्यावर नीलकंठराव पुण्याला गेले. यतीनने मार्चमध्ये खरंच दोन आठवडे सुट्टी काढली. त्यातले पहिले तीन दिवस दार उघडण्यासाठी तो आधी खाली जायचा, चौथ्या दिवशी त्याने हातात मग घेऊन बाल्कनीतून सूचना द्यायला सुरुवात केली. सुप्रभाचं कंत्राट वाढलं, पण एकाच वर्षाने. निधीच्या अर्जावर होशिनो-सानचं नाव तिच्या वर होतं. तिने विभागप्रमुखांना त्याबद्दल विचारलं. चहाचा कप बाजूला सरकवत ते म्हणाले, पुढच्या वेळी बघू. तिने ते दोन वाक्यांची ईमेल लिहून त्यांच्याकडून पक्कं करून घेतलं. तसं इथे कुणी करत नाही. तिने केलं.

तोयोसुला जायचं की इथेच राहायचं, यावर अजून काही ठरलेलं नाही. बोलणं सुरू होतं आणि दोघांपैकी एकाची मीटिंग येते. दरम्यान नीलकंठराव रोज पुण्याहून फोन करतात आणि आज किती उणे आहे ते विचारतात. सुप्रभा आकडा सांगते. मग ते विचारतात, दार उघडलं का. बहुतेक वेळा ती तेव्हा दारापाशीच उभी असते, एका हातात फोन, दुसऱ्यात स्प्रे, आणि म्हणते, "बाबा, नंतर करा."